कूलरच्या खिडकीतली रजई

आधीच सांगून ठेवते, मी तापट आहे. आमच्या ग्वाल्हेरच्या थाटीपुरात विजयाबाई आल्या म्हटलं की भाजीवालासुद्धा तराजू सरळ धरतो. त्यामुळे माझी लेक विनिता पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली, तेव्हा बाळंतिणीची खोली कशी असावी हे मला कुणी विचारलं नाही आणि मीही कुणाला विचारलं नाही.

डिसेंबर संपत आलेला. ग्वाल्हेरची थंडी ज्यानं काढली नाही त्याला काय सांगणार! सकाळचे दहा वाजले तरी समोरचं फाटक दिसत नाही. पुण्याचे पाहुणे येतात आणि म्हणतात, ‘अगंबाई, काय छान धुकं!’ छान कसलं डोंबलाचं? आम्ही त्याला कोहरा म्हणतो, आणि तो हाडात शिरतो. बरं, आमची घरं सगळी उन्हाळ्याचा विचार करून बांधलेली. मे महिन्यात अंगाची लाही होते, म्हणून खोलीखोलीत खिडकीला बाहेरून हा एवढा मोठा कूलर टांगलेला. उन्हाळ्यात तो देवासारखा वाटतो. हिवाळ्यात तीच कूलरची खिडकी म्हणजे भिंतीला पडलेलं भगदाड. पंखा बंद असला तरी त्याच्या गवताच्या जाळ्यांतून वारा सरळ आत येतो.

ते भगदाड मी बुजवलं. आधी पुठ्ठा लावला, त्यावर प्लास्टिक, मग जुनी रजई घडी घालून गच्च कोंबली आणि चारी बाजूंनी चिकटपट्टी मारली. दुसऱ्या खिडकीला दोन वर्षांपूर्वीच ॲल्युमिनियमच्या सरकत्या काचा बसवल्या होत्या, रबराची पट्टी असलेल्या. दाराखाली पोत्याची गुंडाळी ठेवली. माझे यजमान महिपतराव दारात उभे राहून सगळं बघत होते.

“विजया, आता मुंगीला आत यायचं तर तुझी परवानगी लागेल,” ते म्हणाले.

“मुंगी आली तर येऊ दे,” मी म्हटलं, “वारा नको.”

वाऱ्याची गोष्ट निघाली की हे गप्पच होतात. का, ते सांगायला हवं, नाहीतर तुम्हाला वाटेल म्हातारी उगाच हट्टी आहे.

चाळीस वर्षं झाली त्याला. तेव्हा आम्ही इथूनच दोन गल्ल्या पलीकडे सरकारी क्वार्टरमध्ये राहायचो. ह्यांचे खापरपणजोबा दख्खनेतून फौजेबरोबर घोड्यावरून आले. हे पाणीपुरवठा खात्यात सायकलवरून जायचे. माझं पहिलं बाळंतपण होतं, मुलगा झाला होता, आणि असाच जानेवारी होता. सासूबाईंनी कणकेची खळ करून खिडकीच्या फटींवर वर्तमानपत्राच्या पट्ट्या चिकटवल्या, बाजेखाली निखाऱ्यांची शेगडी ठेवली. अकराव्या दिवशी सकाळी न्हाणं झालं, शेक झाला, बाळाला कुशीत घेऊन मी पडले. आणि जीव इतका घाबरा झाला की मला राहवेना. मी उठले, पट्ट्या फाडल्या आणि खिडकीचं एक दार उघडलं. गार वारा तोंडावर आला तेव्हा इतकं बरं वाटलं की पडल्या पडल्या झोपच लागली. थोड्या वेळानं ह्यांनी आत डोकावून पाहिलं. कोहरा खोलीत येतोय बघून ह्यांनी खिडकी लावून घेतली, आमच्या दोघांच्या अंगावरची रजई सारखी केली आणि ऑफिसला गेले.

दुपारी सासूबाईंनी हलवून हलवून मला उठवलं. बाळ उठलं नाही.

डॉक्टर आले, म्हणाले, थंडी बाधली. सासूबाई चारचौघांत म्हणाल्या, “हिनं खिडकी उघडली.” खरंच होतं ते, मी काय बोलणार? तेव्हा ह्यांनी एकच वाक्य उच्चारलं, “तिला काय ठाऊक होतं.” बस. त्यानंतर चाळीस वर्षांत ह्यांनी एका शब्दानं मला दोष दिला नाही. दुसऱ्या दिवशी बारसं व्हायचं होतं, म्हणून त्या लेकराला नावसुद्धा नाही. नऊ वर्षांनी विनिता झाली, ती मे महिन्यात, कूलरसमोर. तिला तिच्या भावाबद्दल आम्ही कधी सांगितलं नाही.

तर हे असं आहे. आता सांगा, मी रजई कोंबू नको तर काय करू?

विनिताला मुलगी झाली. काळ्याभोर जावळाची, मुठी घट्ट आवळलेली, रडायला लागली की शेजारच्यांनी घड्याळ लावावं इतकी खणखणीत. तिला बघून माझ्या डोळ्यांतलं पाणी खळेना. आणि त्याच क्षणी मनात दिवस मोजायला सुरुवात झाली. एक, दोन, तीन. अकरावा दिवस पार पडेपर्यंत मला चैन पडणार नव्हतं.

मी काही अडाणी नाही हो. धूर वाईट, हे मला कळतं. नई सडकेवरून चांगला लाकडी कोळसा आणला होता. शेगडी अंगणात पेटवायची, धूर पुरता निघून जाऊ द्यायचा, निखारे लालबुंद झाले आणि वर राखेचा पापुद्रा धरला की मगच आत न्यायची. मग वर चिमूट चिमूट ओवा आणि बाळंतशेपा टाकायच्या. आधी तेल, मग कडकडीत पाणी, मग शेक. तासाभरानं खोली अशी उबदार व्हायची की मलाच तिथे आडवं व्हावंसं वाटे. धुराचा मागमूस नसे. धूर नाही म्हणजे काही भीती नाही, असं मी धरून चालले होते.

विनिताला मात्र ते सोसेना. ती हैदराबादला बँकेत आहे, चिडली की अर्धं हिंदीतच बोलते.

“आई, दम घुट रहा है यार! थोडी खिडकी उघड ना.”

“बाळंतिणीनं खिडकी उघडायची नसते.”

“कुणी सांगितलं?”

“मी सांगितलं.”

ती तोंड फिरवून पडली. मला वाईट वाटलं, नाही असं नाही. पण म्हटलं, आज रुसलीस तर रुस बाई, पोर तर हाताशी राहील.

पोर दोन दिवसांची असताना जावयानं मागवलेलं पार्सल आलं. शंतनु बाळाला बघून त्याच रात्री नोकरीवर परत गेला होता. गुणी मुलगा, पण प्रत्येक गोष्टीला यंत्र. पार्सलमध्ये साबणाच्या वडीएवढी पांढरी डबी होती. खोलीतल्या हवेत विषारी वायू झाला की ती वाजते म्हणे. ह्यांनी हौसेनं ती भिंतीला लावली. मी शेगडी आत नेली, आणि अर्धा तास झाला नसेल तर ती डबी अशी किंचाळली की पोर दचकून रडायला लागली. विनिता म्हणाली, आई, दार उघड, शेगडी बाहेर ने. नेली. तिसऱ्या दिवशी तेच, चौथ्या दिवशीही तेच. शेक अर्धवट राहायला लागला. मी म्हटलं, ह्या हैदराबादी डबीला ओव्याचा वास चालत नाही, त्याला आम्ही काय करणार?

पाचव्या दिवशी विनिता न्हायला गेली असताना मी डबी काढली, मागचं झाकण उघडलं, दोन्ही सेल काढले आणि डबी परत होती तिथे अडकवून टाकली. टीव्हीचा रिमोट आठवडाभर बंद पडला होता, सेल त्यात घातले. हे खूश झाले. विनितालाही वाटलं, आता वाजत नाही म्हणजे हवा ठीक झाली.

संध्याकाळी शंतनुचा फोन मीच घेतला.

“आई, ते डिटेक्टर कधी वाजलं का हो?”

“छे हो, जावईबापू. अगदी गप्प आहे.”

गप्प आहे हे खरंच होतं, असं मी मनाला सांगितलं. पण खोटं ते खोटंच.

पुढचे पाच-सहा दिवस माझ्या मनासारखे गेले. शेक तासभर, कधी दीड तास. विनिताचं डोकं दुखायचं, मळमळायचं. मी म्हटलं, अशक्तपणा आहे, आणि आळिवाची खीर वाढवली. पोर मात्र गुणाची झाली. शेकानंतर जी झोपायची ती दुपारपर्यंत हूं की चूं नाही. समोरच्या बायका बघायला आल्या, म्हणाल्या, “कितनी शांत बच्ची है!” मी मीठ-मोहऱ्यांनी तिची दृष्ट काढली. रडणारी पोर अशी गप्प का झाली, हा प्रश्न माझ्या डोक्यात एकदाही आला नाही. आता आठवलं की अंगावर काटा येतो.

अकरावा दिवस उजाडला. कोहरा इतका की अंगणातली तुळस दिसेना. मी पहाटेपासून देवापुढे बसले होते. न्हाणं झालं, शेगडी आज जरा जास्तच भरली, दोघींना बाजेवर निजवलं, दार ओढून घेतलं. आजचा दिवस जाऊ दे रे बाबा, एवढंच मागत होते.

अकराच्या सुमारास फाटक वाजलं. इंदरगंजातल्या दुकानाकडून एक माणूस आला होता, गुरुप्रसाद नावाचा. पन्नाशीचा, मिशा पिकलेल्या, खांद्याला अवजारांची पिशवी. शंतनुनं हैदराबादहूनच गरम-थंड दोन्ही करणाऱ्या एसीचे पैसे भरून ठेवले होते, तो बसवायची जागा बघायला हा आलेला. माणूस आपल्यातलाच, इथल्याच लष्कर भागात वाढलेला, मराठी बोलता बोलता मधेच हिंदीत जाणारा.

“काकू, खोली कोणती? दो मिनट बघून घेतो.”

“बाळंतीण शेक घेऊन झोपली आहे. एक वाजता ये. आणि तुझं ते यंत्र मला नको आहे, जावयाचा आग्रह म्हणून घेतेय.”

“चालेल काकू,” तो हसला. ह्यांनी त्याला ओट्यावर बसवलं, मी चहा दिला. कप हातात घेऊन तो बाहेरूनच भिंत बघत फिरला आणि कूलरपाशी थांबला.

“काकू, कूलरची खिडकी आतून पुठ्ठ्यानं बंद केली आहे का?”

“हो. वर रजईसुद्धा मीच कोंबली.” मला अभिमानच वाटला. “वाऱ्याची एक झुळूक येऊन दाखवू दे.”

“मग आत हीटर कोणता आहे?”

“हीटर कशाला? निखाऱ्यांची शेगडी आहे.”

त्यानं कप कट्ट्यावर ठेवला. “आणि हवा कुठून येते?”

“अरे, हवा येऊ नये म्हणून तर एवढं केलं!”

“काकू, दार उघडा.” त्याचा आवाज बदलला होता. “अभी. मागच्या हिवाळ्यात एका घरी मशीन लावायला गेलो होतो, अशीच बंद खोली, अशीच शेगडी. तिथे आम्हाला उशीर झाला होता. आधी दार उघडा, मग मला हव्या तेवढ्या शिव्या द्या.”

“मला शिकवतोस?” मी ओरडले. पण पाय आपोआप खोलीकडे निघाले होते.

आत छान उबदार होतं. धूर नाही, काही नाही. विनिता बाजेवर पडली होती, गाल लालसर. क्षणभर वाटलं, काय रंग आलाय पोरीला! मी हाक मारली, “विनू.” ती हलली नाही. मी खांदा धरून हलवलं. तिचे डोळे अर्धे उघडले आणि मिटले. मी बाळाला उचललं तर मान लुळी पडली.

खरं सांगते, पहिला विचार काय आला? थंडी बाधली! अकरावा दिवस, आणि थंडीनं गाठलंच. मी बाळाला छातीशी धरून दुसरी रजई ओढायला गेले. तेवढ्यात गुरुप्रसाद आत आला आणि सरळ कूलरच्या खिडकीकडे वळला. मी आडवी आले.

“खबरदार हात लावलास तर! खिडकी उघडायची नाही! एक लेकरू घालवलंय मी खिडकी उघडून!”

मागे हे उभे होते. “विजया,” ते म्हणाले.

तिथे उभी असतानाच माझी कानशिलं ठणकायला लागली. जीव घाबरा झाला. आणि हे सगळं माझ्या ओळखीचं होतं. आयुष्यात एकदाच असं झालं होतं मला, क्वार्टरमधल्या त्या खोलीत. पण तेव्हा हे खिडकी उघडल्यावर झालं नव्हतं. खिडकी उघडायच्या आधी झालं होतं. असं होत होतं म्हणून तर मी उठले होते. वारा लागला तेव्हा बरं वाटलं होतं मला!

मी पोरीला ह्यांच्या हातात दिलं. “बाहेर न्या हिला,” म्हटलं, “अंगणात, उघड्यावर न्या.” आणि वळून माझ्या ह्या हातांनी चिकटपट्टी फाडली, रजई ओढून काढली, प्लास्टिक काढलं, पुठ्ठा काढला. कोहऱ्याचा लोट आत आला. गुरुप्रसादनं शेगडी उचलून अंगणात नेऊन आदळली. मग दोघांनी मिळून विनिताला बाहेर काढलं. भर जानेवारीत, कोहऱ्यात, अकरा दिवसांची पोर आणि तिची ओली बाळंतीण आई, दोघींना मी उघड्यावर आणलं. जे आयुष्यभर करायचं नाही असं ठरवलं होतं तेच केलं.

गुरुप्रसादच्याच गाडीतून आम्ही दवाखाना गाठला. काचा चारही खाली होत्या. वाटेत विनितानं ओकारी काढली आणि “आई” म्हणाली. पोर काही रडेना. दवाखान्यात दोघींना प्राणवायू लावला. मी बाहेरच्या बाकावर बसून नुसती त्या दाराकडे बघत होते. देवाचं नावसुद्धा आठवत नव्हतं. किती वेळ गेला कोण जाणे, आणि आतून एक रडणं ऐकू आलं. चिरकं, संतापलेलं, सगळ्या मजल्याला ऐकू जाईल असं. मी बाकावरच रडायला लागले. सहा दिवसांत तिचा तो आवाज ऐकला नव्हता मी.

आधी एक काम केलं. शंतनुला फोन लावला.

“जावईबापू, दोघी वाचल्या आहेत. पण तुमच्या डबीचे सेल मी काढले होते. तुमच्याशी खोटं बोलले. काय बोलायचं ते बोला.”

तो म्हणाला, “दोघी ठीक आहेत ना, आई?”

“आहेत.”

“मग मी निघतो. तुम्ही काही खाल्लं का?”

तो ओरडला असता तर बरं झालं असतं. मला त्या प्रश्नानं जास्त रडू आलं.

डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. तरुण होत्या, पण नीट बसून समजावलं त्यांनी. बंद खोलीत निखारे धुमसले की एक वायू होतो. त्याला रंग नाही, वास नाही, धूर गेला तरी तो असतोच. तो रक्तात शिरून प्राणवायूची जागा अडवतो. बाळ लहान, म्हणून आधी बाळ सुस्त होतं, आणि घरच्यांना वाटतं, किती शांत आहे. “पूर्वीची घरं फटीफटींची असायची,” त्या म्हणाल्या, “म्हणून पुष्कळ लोक निभावून जायचे. बंद खोलीत नाही निभावत. तुम्ही वेळेवर खिडकी उघडलीत, त्यानंच वाचल्या त्या. थोडा वेळ आणखी गेला असता तर मला काही करता आलं नसतं.”

खिडकी उघडली म्हणून वाचल्या.

काय वाटलं ते कसं सांगू? चाळीस वर्षं छातीवर दगड होता, तो कुणीतरी उचलून बाजूला ठेवला. मी घालवलं नव्हतं माझ्या लेकराला. एकवीस वर्षांची अडाणी पोर मी, पण मी बरोबर केलं होतं! मला हसावं की रडावं कळेना. हे ह्यांना सांगावं म्हणून मी वळले.

हे डॉक्टरीणबाईंकडे बघत होते. चेहरा राखेसारखा झाला होता.

“आणि बाई,” ह्यांनी विचारलं, “एकानं उघडलेली खिडकी दुसऱ्यानं परत लावली, तर?”

त्यांना काही समजलं नाही. “तर काय, काका? खोली परत तशीच होणार.”

ह्यांनी मान हलवली आणि खाली बघत बसले. माझं हसू, रडू, सगळं जागच्या जागी थांबलं.

तीन दिवसांनी मायलेकी घरी आल्या. तोवर शंतनु आला होता आणि गुरुप्रसादनं यंत्र बसवून ठेवलं होतं. मला वाटलं, आता झालं, खिडक्या लावा. तर हा म्हणतो, “नाही काकू. हे मशीन बाहेरून हवा आणत नाही. खोलीतलीच हवा गरम करून फिरवतं. ताज़ी हवा तुम्हालाच द्यायची.” त्यानं कूलरच्या खिडकीत रजईच्या जागी फळी बसवली, वरच्या बाजूला वीतभर जाळी ठेवली आणि समोरच्या भिंतीला हवा बाहेर फेकणारा छोटा पंखा लावला. यंत्राची गाळणी पंधरा दिवसांनी धुवायची, नाहीतर तीच धूळ पोरीच्या नाकात जाईल, हेही दाखवलं. मी म्हटलं, मी दर रविवारी धुईन, पुढे बोल. तो म्हणाला, काकू, आज तुम्ही ऐकताय तर सगळंच सांगून टाकतो. आगाऊ आहे मेला. देव त्याला शंभर वर्षं देवो.

डबी परत भिंतीवर लागली, सेलसकट. रिमोट पुन्हा बंद पडला.

विनिताला मी सगळं सांगितलं. सेलचं आणि तिच्या भावाचंही. मला वाटलं ती भांडेल. ती पोरीला पाजत होती, तशीच माझा हात धरून बसली. “आई, एवढी वर्षं तू हे एकटीनं सोसलंस?” म्हणाली. मी एकटी नव्हते, पण ते तिला सांगितलं नाही. खिडकी मी उघडली हे सांगितलं. ती कुणी लावली ते सांगितलं नाही.

हे मात्र त्या दिवसापासून बोलतच नव्हते. ताटात चार घास चिवडायचे आणि उठायचे. शंतनु रिमोटला नवे सेल घेऊन आला, तरी टीव्ही लावला नाही. पुढे ढकललेल्या बारशाच्या आदल्या दिवशी सकाळी मी बघते तर हे अंगणात, कोपऱ्यात टाकलेल्या त्या शेगडीपाशी स्टूल घेऊन बसलेले, कानाला मफलरसुद्धा नाही. मी शाल घेऊन गेले आणि ह्यांच्या खांद्यावर घातली.

“विजया,” ते म्हणाले, “ती खिडकी मी लावली होती ना गं?”

नाही म्हणता आलं असतं. तुम्हाला आठवत नाही, वाऱ्यानं लागली असेल, काहीही सांगता आलं असतं. जावयाशी खोटं बोलणारी बाई मी. पण ह्यांच्याकडे बघून जमेना.

“हो,” मी म्हटलं, “तुम्हीच लावली. आणि आमच्या अंगावरची रजईसुद्धा सारखी केलीत.”

“चाळीस वर्षं तू स्वतःला बोल लावत राहिलीस. आणि मी मोठेपणानं माफ करत राहिलो तुला.”

मी तापट बाई, भांडण म्हटलं की मला शब्द कमी पडत नाहीत. पण त्या वेळी मला एकच वाक्य सुचलं. ते माझं नव्हतंच. त्या दिवशी, सगळं घर माझ्यावर तुटून पडलेलं असताना, ह्यांनीच ते माझ्यासाठी उच्चारलं होतं, आणि त्याच्या जोरावर मी जगले होते.

“तुम्हाला काय ठाऊक होतं,” मी म्हटलं.

हे रडले. लग्नाला बेचाळीस वर्षं झाली, ह्यांना मी असं रडताना पाहिलं नव्हतं, त्या दिवशीसुद्धा नाही. मी बाजूला उभी राहिले, ह्यांचं डोकं पोटाशी धरून. कोहऱ्यात रस्ता दिसत नव्हता, त्यामुळे कुणी बघितलंही नसेल, आणि बघितलं तर बघू दे.

तेवढ्यात आतून पोर किंचाळली. भूक लागली की ती आता कुणाची भीड ठेवत नाही.

“उठा,” मी म्हटलं, “किती वेळ बसायचं? आत जा आणि जाळीतून हवा येतेय का बघून या. माझी उंची पुरत नाही.”

हे उठले, शालीनं डोळे पुसले आणि आत गेले. मी दारातून बघत होते. हे बाजेपाशी थांबले, पोरीकडे वाकून बघितलं, मग कूलरच्या खिडकीसमोर उभे राहिले आणि हात वर करून तळवा जाळीवर धरला. बराच वेळ धरला.

“येतेय गं,” ते आतून म्हणाले. “हवा येतेय.”